बोटीची वायर, गाडीचा पत्रा

'डायरेक्ट कर दो ना, बॉस.' हे वाक्य कानावर पडलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. काशीमीऱ्याला हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. उन्हाळा आला की बॉनेटमधून वाफ सोडत एकेक गाडी समोर येऊन उभी राहते. रेडिएटरचा पंखा बंद पडलेला असतो. कधी सेन्सर गेलेला असतो, कधी रिले, कधी कुठेतरी वायर सडलेली असते. ते शोधायला वेळ लागतो आणि गिऱ्हाइकाला वेळ नसतो. त्याला वसईला जायचं असतं, ठाण्याला जायचं असतं, कुठंही जायचं असतं पण आत्ताच्या आत्ता. मग तो मलाच शिकवतो. बॅटरीवरून सरळ वायर टाक, डॅशबोर्डवर एक बटण दे, मी करीन चालू-बंद. मी म्हणतो, जा बाबा, दुसऱ्याकडे जा. दुसरा पुढच्याच गाळ्यात बसलेला असतो आणि हसत हसत करून देतो.

लोकांना वाटतं हा भाव खातोय. वाटू दे. पंखा म्हणजे काय घरातला टेबलफॅन नाही. सुरू होताना तो असा करंट ओढतो की बारीक वायर तापून मऊ पडते. म्हणून वायर जाड हवी. तेवढं ओझं डॅशबोर्डच्या बटणावर टाकायचं नाही, रिलेवर, म्हणजे मधल्या दणकट स्विचवर टाकायचं. बटणानं नाहीतर सेन्सरनं रिलेला नुसता इशारा द्यायचा. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवायचा. आणि वायर जिथं पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबराचं बुश घालायचं, म्हणजे पत्र्याची धार वायरला लागत नाही. एवढंच तर आहे, यात काय रॉकेट उडवायचंय? पण एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते. गाडीचा अख्खा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. पॉझिटिव्ह वायरचं साल कुठंही सोललं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं, की संपलं. फ्यूज असेल तर फ्यूज उडतो आणि गाडी वाचते. नसेल तर वायरच पेटते.

माझ्या पप्पांना हे माहीत नव्हतं. त्यांना दुसरंच काहीतरी माहीत होतं, आणि ते त्यांच्या जागी शंभर टक्के बरोबर होतं.

पप्पा उत्तनजवळच्या पालीचे. अख्खी हयात बोटीवर गेली, मासे पकडण्यात नाही, इंजिनाशी. बोटीचं इंजिन, दिवे, पाणी उपसायचा पंप, सगळं त्यांच्या हाताखाली. गावात कुणाच्या बोटीचं इंजिन रुसलं की पप्पांना बोलावणं यायचं आणि पप्पा जेवण अर्धं टाकून निघायचे. आय ओरडायची, 'इंजिनाशीच लगीन लावायचा होता ना मंग!' पप्पा जाताना म्हणायचे, 'इंजिन उलटून बोलत न्हाय.'

मी वायरिंगचं काम शिकायला लागलो तेव्हापासून आमच्या दोघांत फ्यूजवरून भांडण. पप्पांच्या बोटीत फ्यूज नसायचाच. असलेला काढून टाकायचे. एक तर खाऱ्या हवेत फ्यूजचा डबा गंजून हिरवा पडतो. आणि दुसरं पप्पा हात नाचवत सांगायचे, 'भर दर्यात बोटीत पानी भरतंय, पंप चालू हाय, आन् तुजा फ्यूज उडाला. मंग काय फ्यूजच्या नावानं चर्चात मिस्सा लावू?' त्यांचं खरंच होतं. पाण्यावर पंप बंद पडण्यापेक्षा वायर जळलेली परवडली. आणि बोट लाकडाची. तिथं पॉझिटिव्ह वेगळी, निगेटिव्ह वेगळी, दोन्ही वायरी बॅटरीपासून निघून बॅटरीपर्यंत परत येतात. एखादी वायर फळीला घासून सोलली तरी लागणार कशाला? लाकडाला. लाकूड काय बोलणार आहे? त्यामुळे फळीला सरळ भोक पाडायचं, वायर ओढायची, गाठ मारायची आणि विसरून जायचं, हा पप्पांचा हात. त्या हातानं कित्येक बोटी दर्यावर गेल्या आणि सुखरूप परत आल्या.

मग आयच्या किडन्या गेल्या. मीरा रोडला डायलिसिस सुरू झालं. ते एकदा सुरू झालं की चुकवता येत नाही, चुकलं की माणूस सुजतो, धाप लागते. पालीच्या गल्लीतून रिक्षा, मग उत्तनहून बस, मग पुन्हा रिक्षा, असं करून आय पोचायची तेव्हाच अर्धी मेलेली असायची. मी भाईंदरला इंद्रलोकमध्ये राहतो, तिला म्हटलं माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणाली, 'तुज्या सातव्या माल्यावर काय करू, कबुतरं मोजू?' मग पप्पांनी बोट सोडली आणि एक जुनी छोटी गाडी घेतली, फक्त तिला नेण्या-आणण्यासाठी. आय पुढच्या सीटवर बसायची, काच खाली करून, कारण तिला मळमळायचं. ज्या हातात सुया टोचायच्या तो हात मांडीवर जपून ठेवायची. त्या हातानं तिला काही उचलायची, ओढायची मनाई होती. गल्लीतून जाताना बायकांना सांगायची, 'होडीत कवा बसवली न्हाय, आता गाडीतनं मिरवतंय म्हातारा.' पप्पा लाजायचे. खरंच लाजायचे, मी पाहिलंय.

गाडी एकदा गोल्डन नेस्टच्या सिग्नलला तापली. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, उद्या दुकानात आणा, बघतो. दुसऱ्या दिवशी फोन केला तर आय म्हणाली, 'झाली ती नीट. आता थंड चालते.' समुद्राकाठच्या गाड्यांचे कनेक्टर गंजतात, साफ केले की चालतात. रोजचंच आहे. मला वाटलं तेच असेल.

ते नव्हतं. पप्पांनी पंखा डायरेक्ट केला होता.

काही आठवड्यांनी एका दुपारी डायलिसिस संपवून दोघं परत येत होते. डायलिसिस झालं की आयचा बीपी खाली जायचा, डोळे मिटून पडून राहायची. राई गाव सोडून पुढे आल्यावर पप्पांना रबर जळल्याचा वास आला. मग आयच्या पायांपाशी, डॅशबोर्डच्या खालून धूर. पप्पांनी गाडी कडेला घेतली, चावी बंद केली. चावी बंद झाली, पंखा चालूच. वायर सरळ बॅटरीवर, तिला चावीचं काय घेणंदेणं! आणि मग पप्पांनी जे केलं ते मला नंतर त्यांनीच सांगितलं. तेव्हा माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. ते उतरून धावले ते बॉनेटकडे.

तुम्हाला हा मूर्खपणा वाटेल. मलाही वाटला, आणि मूर्खपणा हा फार सौम्य शब्द झाला, मी मनात याहून वाईट शब्द वापरले. पण जरा बोटीवरचा माणूस डोळ्यांपुढे आणा. बोटीला आग लागली तर उतरायला जागा नसते. कुणाला उचलून बाहेर काढणार आणि ठेवणार कुठं, पाण्यावर? म्हणून बोटीवरचा माणूस आगीपासून पळत नाही, आगीकडे धावतो. इंजिन विझवलं तरच सगळे वाचतात. पप्पांचे पाय आयुष्यभर तसेच धावले होते, तेव्हाही तसेच धावले. त्यांनी बॉनेट उघडलं, हवा मिळाली आणि भडका उडाला. आय आत. एक हात जपायचा, दुसऱ्या हाताला त्राण नाही, बेल्ट लावलेला. मागून येणाऱ्या एका रिक्षावाल्यानं दार उघडून, बेल्ट कापून तिला ओढून काढली. तोवर तिचे दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत भाजले होते.

ती लगेच गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण तेच खरं आहे. भाजलेल्या माणसाला जे पाणी, जी औषधं लागतात, ती तिच्या किडन्यांना झेपेनात. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसं. शुद्धीवर असायची तेव्हा मला एकच सांगायची, 'पप्पाला काय बोलू नको. तो घाबरला होता.' मी मान डोलवायचो. तिला दुसरं काय सांगणार? काही दिवसांनी ती गेली.

गावात जो तो आपापलं शहाणपण घेऊन आला. कुणी म्हणालं गॅसची गाडी असणार. नव्हती. कुणी म्हणालं जुन्या गाड्या अशाच. कुणी म्हणालं देवाची मर्जी. पप्पा सगळ्यांना हो म्हणायचे. पोलिसांचं झाल्यावर गाडीचा सांगाडा काशीमीऱ्याच्या मागच्या भंगार यार्डात आला, माझ्या दुकानापासून चालत जाण्यासारखा. मी गेलो. जायलाच हवं होतं, माझा धंदाच तो.

इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला एक नवीन भोक होतं, कंपनीचं नव्हे, ड्रिलचं, डॅशबोर्डच्या बटणापर्यंत वायर न्यायला पाडलेलं. त्याची धार बोटाला लागत होती. रबराचं बुश असल्याची कुठं खूण नाही. भोकाच्या काठाला तांबं वितळून त्याचा मणी झाला होता. बॅटरीपासून पंख्यापर्यंत मी सगळं हातानं चाचपलं, फ्यूज कुठंच नव्हता, रिले नव्हता. वायर बोटीच्या दिव्याला वापरतात तितकीच जाड. गाडी धावताना हादरते, वायर धारेवर घासत राहते, रोज थोडी थोडी. एक दिवस साल संपतं. मी तिथंच जळक्या सीटच्या सांगाड्यावर बसलो आणि ढसाढसा रडलो. यार्डवाला म्हणाला, 'भाई, पानी लाऊँ?' मी त्याला शिवी दिली. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी ठरवलं, बोलायचं नाही. आयनं सांगितलं होतं आणि मलाही धीर नव्हता. पप्पा एकटेच त्या घरात राहत होते, एकटेच भात शिजवत होते. त्यांना हे सांगून आय परत येणार होती थोडीच?

आयला जाऊन महिना झाल्याच्या मिस्सेनंतर घरी जेवणं झाली. हात धुताना शेजारचा माझ्याजवळ आला. तो गल्लीतली मुलं शाळेत ने-आण करतो, व्हॅन आहे त्याची. मला बरं वाटावं म्हणून बिचारा पप्पांचं कौतुक करायला लागला. 'तुज्या बापाचा हात म्हंजे हात हाय. आमच्या व्हॅनीचा पंखा बंद पडलेला, त्यानी डायरेक्ट करून दिला. मस्त चालतोय. गल्लीतल्या निम्म्या गाड्यांना त्यानीच केलाय.'

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्याच्या व्हॅनीत सकाळ-दुपार मुलं कोंबलेली असतात, मागच्या सीटवर, पुढच्या सीटवर, एकमेकांच्या मांडीवर. मी म्हटलं, 'व्हॅन उद्या दुकानात आण. मी फुकट बघून देतो.' तो म्हणाला, 'बघायचा काय त्यात? चालतोय ना.' मी म्हटलं, 'त्यात फ्यूज नाही.' तो हसला, 'तुमचं बाप-लेकाचं फ्यूजचं भांडण अख्ख्या गावाला ठाव हाय रे.' मी आवाज चढवला तेव्हा त्याचा चेहरा बदलला. मिस्सेच्या दिवशी मुलगा बापाच्या कामाला नावं ठेवतोय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानंतर मी आणखी दोघांना विचारून पाहिलं. तेच. काकांनी केलंय, तू कशाला हात लावतोस? भाईंदरला राहायला गेला म्हणून जास्त शहाणा झाला का?

वा रे वा! म्हणजे आता त्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावणारा गावात एकच माणूस उरला होता, पप्पा, आणि का उघडायची हे त्यांना सांगणारा मी. आयला दिलेला शब्द एकीकडे आणि ती व्हॅन एकीकडे. मी दोन दिवस दुकानात वेड्यासारखा वागलो, गिऱ्हाइकांवर खेकसलो. मनात येत होतं, पोलिसात सांगू का, शाळेत सांगू का. पण मग ते सगळं बाहेरच्याच्या तोंडून पप्पांच्या कानावर गेलं असतं. ते मला नको होतं. सांगायचंच तर मीच सांगणार होतो.

रविवारी सकाळी गेलो. पप्पा स्वयंपाकघरात कालवण करत होते. मी गॅस बंद केला. ते म्हणाले, 'अरे, उकली येतंय आता.' मी उभ्या उभ्याच सांगितलं. भोक, धार, तांब्याचा मणी, सगळं. ते ऐकत होते. मग म्हणाले, 'बोटीवर कवा असा झाला न्हाय.'

'बोट लाकडाची, पप्पा. गाडीचा पत्रा निगेटिव्ह असतो. बोटीत वायर सोलली तर लाकडाला लागते. इथं पत्र्याला लागली.'

इंजिनाचा माणूस तो, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांचं तोंड हळूहळू कसं पडत गेलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटलं रडतील, ओरडतील, मला हाकलतील. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. 'मी आधी तिला भायेर काडली असती तर?'

मी खोटं बोलू शकलो असतो. पप्पा, आग एवढी होती की काही उपयोग झाला नसता, असं म्हणता आलं असतं आणि त्यांनी ते धरून बाकीचं आयुष्य काढलं असतं. पण मला राग होता, इतके दिवस गिळलेला. आणि त्यांनी मला कारागीर म्हणून विचारलं होतं, मुलगा म्हणून नाही.

'वाचली असती,' मी म्हटलं.

मला त्याचा पश्चात्ताप नाही आणि समाधानही नाही. त्यांनी मान हलवली, जशी इंजिनात काय बिघडलंय ते कळल्यावर हलवायचे. मग गॅस पुन्हा पेटवला, कालवण उकळू दिलं, मला वाढलं. आम्ही दोघं समोरासमोर जेवलो. मीठ जास्त झालं होतं. ताट धुतल्यावर मी त्यांना इतर गाड्यांचं सांगितलं, व्हॅनीचं सांगितलं, लोक मला हात लावू देत नाहीत तेही सांगितलं. ते म्हणाले, 'पक्कड घे.'

शेजारी अंगणात व्हॅन धूत होता. 'या काका, बसा,' म्हणून त्यानं खुर्ची पुढे केली. पप्पा बसले नाहीत.

'व्हॅनीची वायर काडायची हाय.'

'कशाला काका? पंखा मस्त चालतोय.'

'काडायची हाय.'

शेजाऱ्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. याचंच काहीतरी कारस्थान, असं. मग तो पप्पांशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला. 'काका, झाला तो झाला. मनाला लावून घेऊ नका. जरा आराम करा, चहा घ्या.' त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिनं पदर तोंडाला लावला. दुःखानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असंच त्या दोघांना वाटत होतं. मी मध्ये बोलायला गेलो तर पप्पांनी मला हातानं थांबवलं.

'गाडीत गॅस नव्हता,' पप्पा म्हणाले. 'देवाची मर्जी पन न्हाय. माजी वायर होती. मीच जाळली तिला. तीच वायर तुज्या व्हॅनीत हाय. चावी दे.'

शेजाऱ्याच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला. बायको आत गेली आणि चावी घेऊन आली. मी आतलं झाकण काढून टॉर्च मारला. पत्र्याला ड्रिलचं भोक, बुश नाही, आणि भोकाच्या काठाला वायरचं साल निम्मं उतरलेलं. आत तांबं चमकत होतं. शेजारी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो म्हणाला, 'देवा! उद्या शाळा हाय.'

मी बॅटरी सोडवली आणि वायर तोडायला घेतली. मान वर केली तेव्हा पप्पा अंगणात नव्हते. ते पुढच्या घराच्या फाटकापाशी उभे होते, एका बोटीवरून दुसऱ्या बोटीला हाक मारताना लावायचे तसा मोठा आवाज लावून, की अख्ख्या गल्लीला ऐकू जावं.

'मीच जाळली तिला,' ते सांगत होते. 'चावी दे.'